मारुतीचा जबडा आणि लेकरांचा श्वास

मारुतीच्या हनुमान या नावातच जबडा आहे. हनू म्हणजे जबडा. आपली हनुवटीही त्याच घरची. बाळ मारुती सूर्याकडे झेपावला, इंद्राने वज्र हाणलं, जबडा दुखावला आणि वायुदेव रुसून बसला. त्रैलोक्याचा श्वास कोंडला. ही कथा आपल्या अड्याळ गावच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जबडा बिघडला की श्वास अडतो, हे पुराणाने इतकं सरळ सांगून ठेवलंय आणि आपण शनिवारी मारुतीला तेल वाहून घरी येतो, बाजेवर पडतो आणि रात्रभर घोरतो!

वर त्या घोरण्याचं कौतुक. "पाहा बाप्पा, बुढ्याचा ट्रॅक्टर सुरू झाला!" हसा हवं तर, पण एका रात्री त्या बाजेजवळ बसून ट्रॅक्टर नीट ऐका. तो मधेच बंद पडतो. छाती वरखाली होत असते, पोट आत खेचलं जात असतं, पण नाकातोंडातून हवा जात नाही. मनातल्या मनात आकडे मोजा. दहा, पंधरा, वीस... मग एकदम मोठा हुंकार, माणूस कूस बदलतो आणि ट्रॅक्टर पुन्हा सुरू. याला डॉक्टर स्लीप ॲप्निया म्हणतात. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबला की एक धरायचा. तासाला असे पाच झाले तर दुखणं सुरू झालं, तिसांवर गेले तर ते गंभीर. सकाळी डोकं जड, दुपारी बांधावर डुलक्या, गोळ्या खाऊनही न उतरणारा रक्तदाब. आणि हाच माणूस पवनी रस्त्यावर धानाची गाडी हाकतो.

हे शहरातल्या लठ्ठ शेठजींचं दुखणं, आपल्याला काय त्याचं, असं म्हणून उठू नका. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 658 पुरुषांची पाहणी केली. 35 ते 65 वयाचे हे लोक नेहमीच्या तपासणीसाठी आलेले, वरवर धडधाकट. 2004 साली निष्कर्ष छापून आले : शंभरातल्या सुमारे वीस जणांचा श्वास झोपेत अडखळत होता, आणि साडेसात टक्क्यांना दिवसाच्या पेंगेसह पुरता रोग होता. ते मुंबईकर होते, हे खरं. पण जीभ, टाळू आणि घसा मुंबईला वेगळा आणि अड्याळला वेगळा नसतो.

आता जबड्याकडे या. तोंडाचा माळा म्हणजे नाकाची जमीन. टाळू अरुंद आणि उंच असला की वरची नाकाची खोलीही चिंचोळी होते. खालचा जबडा मागे असला की त्याला बांधलेली जीभही मागे, आणि उताणं झोपल्यावर ती घशावर झाकणासारखी बसते. उलटंही खरं आहे. लेकराचं नाक सतत चोंदलेलं, टॉन्सिल सुजलेले असले की ते तोंडाने श्वास घेतं आणि वाढता चेहराच बदलत जातो. एगिल हार्वोल्ड या संशोधकाने माकडांच्या पिलांची नाकं बुजवून पाहिली. तोंडाने श्वास घ्यायची पाळी आल्यावर त्या पिलांचे जबडे आणि दात बदलले. 1981 साली त्याने ते मांडलं. माकडांच्याच जबड्याने ही साक्ष द्यावी, हा मारुतीरायाचाच काही संकेत असेल!

म्हणून दातांना तार लावणं ही लग्नाच्या बाजारातली सजावट आहे, हा समज आधी मोडला पाहिजे. शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको : पऱ्हे कोवळे असतात तोवरच रोवणी साधते. वरचा जबडा दोन फाकांचा असतो आणि मधली शिवण किशोरवयापर्यंत पक्की झालेली नसते. दंतवैद्य टाळूला एक यंत्र बसवतात, त्याच्या मधोमध बारीक स्क्रू. घरी आईने छोट्या किल्लीने तो पाव फेरा फिरवायचा, की टाळू साधारण पाव मिलिमीटर रुंद होतो. काही दिवसांत पुढच्या दोन दातांत फट पडते आणि आजी घाबरते. घाबरू नये, ती फट म्हणजे शिवण उघडल्याची खूण. पुढे ती भरून येते. अरुंद टाळूच्या 31 मुलांवर इटलीत हा उपचार झाला. सगळ्यांचा रात्रीचा श्वास सुधारल्याचं 2004 साली नोंदवलं गेलं. एकतीस म्हणजे मूठभर, आणि त्यांचे टॉन्सिल-ॲडेनॉइड वाढलेले नव्हते. टॉन्सिल सुजलेले असतील तर पहिली पायरी कान-नाक-घशाच्या डॉक्टरची, तारेची नव्हे. तारेने घोरणं हमखास जातं असं छातीठोक सांगणारा कुणी भेटला, तर त्याला लांबूनच नमस्कार करा.

मोठ्यांची शिवण पक्की झालेली असते. त्यांच्यासाठी रात्री दातांवर चढवायचे दोन साचे असतात. ते खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरतात, जीभही पुढे येते आणि वाट मोकळी होते. पिएर रोबँ या फ्रेंच डॉक्टरने 1902 साली जिभेने श्वास अडणाऱ्या लेकरांसाठी असंच यंत्र केलं होतं. गंभीर रोगाला मात्र हवा फुंकणारं सीपॅप यंत्रच पहिलं. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी ते 1981 साली जगापुढे आणलं. ज्यांना त्याचा मुखवटा सोसत नाही, किंवा रोग मध्यम आहे, त्यांना साचा उपयोगी पडतो. त्याला वीज लागत नाही, आणि रात्रीची लाइन जाणाऱ्या गावात हा गुण लहान नाही.

पण इथेच आपला घात आपणच केलाय. त्या साच्याचं माप घ्यायला तोंड उघडावं लागतं. तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळून चघळून ज्याचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, त्याच्या दातांचं माप घ्यायचं कसं? खर्रा आधी तोंड बंद करतो, मग कर्करोगाचं दार उघडतो. रात्रीची मोहाची दारू घसा आणखी सैल करते, ते वेगळंच.

तेव्हा उठा! नागपूरच्या मेडिकल चौकात शासकीय दंत महाविद्यालय आहे, 1968 पासून. दात-जबडा सरळ करणारा विभाग तिथे आहे, शेजारी मेडिकलचं रुग्णालय आहे. जायला भाडं लागतं, रोजी बुडते, हे मान्य. म्हणूनच मागणी गावात करायची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतं. त्याच्या यादीत दातांचे आजार आहेत, झोपेतला श्वास नाही. ग्रामसभेत ठराव मांडा : पथकाने प्रत्येक आईला विचारावं, लेकरू घोरतं का, तोंड उघडं ठेवून झोपतं का. यासाठी यंत्र लागत नाही आणि पैसाही लागत नाही. आशाताईंनो, हा प्रश्न तुम्ही उद्यापासूनच विचारू शकता. गुरुजी, मागच्या बाकावर पेंगणाऱ्या पोट्ट्याला छडी दाखवण्याआधी त्याच्या आईला एकदा बोलवा. आठव्या वर्षीही अंथरूण ओलं करणारं, मान मागे टाकून झोपणारं, झोपेत घामाने डबडबणारं लेकरू आळशी नाही की मठ्ठ नाही. त्याला रात्रभर हवेसाठी झुंजावं लागत असेल.

आज रात्री लेकरू झोपलं की मोबाइल हातात घ्या. चेहरा आणि छाती दिसेल असा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, आवाजासकट. उद्या तो डॉक्टरांना दाखवा.