ग्लोव्हज दिले, आता रस्ताही द्या

मुलीला बॉक्सिंगच्या क्लासला घालणारे पालक आता आपल्यातही दिसू लागले आहेत. जळगावात दिसतात, धुळ्यात दिसतात. क्लास हॉलमध्ये असतो, सुटायच्या वेळी अब्बा दुचाकी घेऊन दारात उभे असतात, त्यामुळे घरचे निर्धास्त असतात. पण कोचनी सांगितले की मुलीने रोज सकाळी अर्धा तास पळायला हवे, की घरात सगळे गप्प होतात. "ठोसा हाताने मारायचा ना, मॅडम? मग पळायचे कशाला?" असे एका वालिदांनी मला विचारले होते. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र पदकाशी नाही, मुलीच्या सुरक्षिततेशी जोडलेले आहे.

बॉक्सिंगची मोठ्या गटातली लढत तीन फेऱ्यांची असते. प्रत्येक फेरी 3 मिनिटांची, मध्ये 1 मिनिट विश्रांती. लहान वयोगटात फेऱ्या आखूड असतात. ऐकायला हा वेळ किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात पहिल्याच फेरीत छाती भात्यासारखी हलू लागते. ठोसा निघतो पायातून, कमरेतून वर येतो आणि हातातून सुटतो, म्हणजे सगळे शरीर कामाला लागलेले असते. ज्या मुलीचा दम कच्चा आहे, तिचे हात दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत आपोआप खाली येतात. हात खाली आले की चेहरा उघडा पडतो. तिला ठोसा दिसतो, पण पाय वेळेवर हलत नाहीत. डोक्याला मार बसण्याची भीती सगळ्यात जास्त असते ती इथे. म्हणून ग्लोव्हज घेऊन द्यायचे आणि पळणे तेवढे बंद ठेवायचे, ही तडजोड वाटते तितकी सुरक्षित नाही. तसेच करायचे असेल तर तिला रिंगमध्येही उतरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

'दम' हा शब्द उर्दूत आणि मराठीत सारखाच. श्वास म्हणजेही दम, ताकद म्हणजेही दम. मुहम्मद अली यांच्या 30 ऑक्टोबर 1974 च्या किन्शासामधल्या लढतीत हे दोन्ही अर्थ एकत्र दिसतात. समोर जॉर्ज फोरमन होता. वयाने सात वर्षांनी लहान, ठोशाला जास्त जड. अली दोरांना रेलून मार अंगावर घेत राहिले आणि फोरमनला थकू दिले. आठव्या फेरीत फोरमन खाली पडला. हेच अली लहानपणी शाळेच्या बसमध्ये न बसता तिच्याबरोबर पळत जायचे, आणि पुढे सरावात जड बूट घालून पहाटे रस्त्यावर धावायचे.

अली लांबचे वाटत असतील तर आपल्या नांदेडला लागून असलेल्या निजामाबादकडे पाहा. निखत झरीन आधी धावपटू होती, 100 आणि 200 मीटरची. वडील मोहम्मद जमील अहमद तिला स्वतः मैदानावर न्यायचे. बॉक्सिंग तिने नंतर धरले. मुलीच्या खेळाच्या कपड्यांवरून नातेवाइकांनी त्यांना टोकले होते, तरी त्यांनी मैदान सोडले नाही. 2022 मध्ये इस्तंबूलला आणि 2023 मध्ये दिल्लीला ती जगज्जेती झाली. आपल्या महाराष्ट्रातली नागपूरची अल्फिया पठाण 2021 मध्ये पोलंडमधल्या किल्स येथे युवा जगज्जेती झाली. कपड्यांचा प्रश्न अडवत असेल तर हेही लक्षात ठेवा: जागतिक संघटनेने 2019 मध्येच हिजाब आणि पूर्ण अंग झाकणारा पोशाख नियमात बसवला आहे. पळायला तर सैल सलवार आणि घट्ट बांधलेला स्कार्फ पुरतो. बुटांवर मात्र काटकसर नको, चपलेत किंवा शाळेच्या बुटात गुडघे दुखायला लागतात.

आता पळायचे कसे? पहिले सहा-आठ आठवडे हळू. आठवड्यातून तीन दिवस, वीस मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत. पळता पळता शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलणे तुटत असेल तर वेग जास्त झाला. मुलींना हे पटत नाही, पहिल्याच दिवशी शर्यत लावतात. पण हृदयाची एका ठोक्यात जास्त रक्त ढकलण्याची सवय या सावकाश पळण्यातूनच तयार होते.

त्यानंतर आठवड्यातला एक दिवस लढतीसारखा: 3 मिनिटे जोरात, 1 मिनिट चालणे, असे तीन वेळा. थांबल्याबरोबर मनगटावर बोट ठेवून 15 सेकंद नाडी मोजायची आणि चारने गुणायचे. एक मिनिटाने पुन्हा मोजायची. या दोन आकड्यांतला फरक महिन्या-महिन्याने वाढत गेला तर सराव लागू पडतोय. बॉक्सरला मैलांपेक्षा हा आकडा मोलाचा, कारण रिंगमध्येही सावरायला एकच मिनिट मिळते. मैदान नसेल त्या दिवशी गच्चीवर दोरीच्या उड्या, त्याही 3 मिनिटे आणि 1 मिनिट या हिशेबानेच. पुढे पोलीस भरतीत मुलींना 800 मीटर धावावेच लागते, तिथेही ही मेहनत कामी येते.

मुलगी रोज पळूनही लवकर धापा टाकत असेल तर तिला आळशी म्हणू नका, रक्त तपासा. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर आधी उपचार, मग जोराचा सराव. बाजरीची भाकरी, मेथी, डाळी, जमेल तेव्हा कलेजी, वर लिंबू पिळून. जेवणाला लागून चहा नको, तो लोह अंगी लागू देत नाही. पळून आल्यावर केळी आहेतच, जळगावात तेवढी तरी वानवा नाही. वजनगटात बसण्यासाठी प्लास्टिकचा सूट किंवा जाड जॅकेट घालून पळवणारे कोणी भेटले तर सरळ नकार द्या. त्यात चरबी नाही, फक्त पाणी जाते, आणि आपल्या उन्हाळ्यात हे जिवावर बेतू शकते. रमजानमध्ये रोजा असताना जोराचे पळणे बंद. इफ्तारच्या थोडे आधी हलके पळावे, नाहीतर नुसते चालावे. कठीण सराव इफ्तार होऊन दोन तास गेल्यावर. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर तिथेच थांबून डॉक्टर गाठायचा.

राहिला सोबतीचा प्रश्न. एकटी मुलगी अंधारात रस्त्यावर नको, हे मलाही मान्य आहे. पण एका मोहल्ल्यात अशा तीन-चार मुली निघतातच. आयांनी दिवस वाटून घ्यावेत. एक दिवस एकीची अम्मी, दुसऱ्या दिवशी दुसरीची, रविवारी कोणाचे तरी अब्बा. जळगावात मेहरूण तलावाचा काठ आहे, जिल्हा क्रीडा संकुल आहे. धुळ्यातही संकुल आहे, पांझरेचा काठ आहे. दोन्हीकडे सकाळी फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते. आई सोबत जाऊन बाकावर बसण्याऐवजी चालली, तर तिच्या साखरेलाही बरे. फज्रनंतर निघायचे, थोडे उजाडू द्यायचे, आणि शाळेच्या डब्याच्या वेळेला घरी परत.