खांदेरी पडूं द्यावी काय ?

रेवसहून एका भगिनीचें पत्र आलें आहे आणि पत्रासोबत एक वही. वही त्यांच्या पुतणीची. मुलगी तेरा वर्षांची आहे. दिवाळीच्या सुटींत घरांत मुलें-मोठीं मिळून नऊ माणसें जमलीं, तेव्हां तिनें स्वतः रचलेला एक खेळ सर्वांना खेळावयास लावला. चार रात्री खेळ रंगला. पांचव्या रात्रीं मोडला, आणि त्यानंतर मुलीनें वही कपाटांत टाकली ती पुन्हां काढली नाहीं. ‘न्याय कोणाच्या बाजूला, मुलीच्या कीं मामंजींच्या, हें आपण निःसंकोचपणें लिहावें’ अशी भगिनींची मागणी आहे. कौटुंबिक तंट्यांत पडण्याचा या पानाचा रिवाज नाहीं. परंतु वही वाचल्यावर आम्हांला राहवलें नाहीं.

खेळाचा प्रकार प्रथम सांगितला पाहिजे. आमच्या वाचकांच्या घरीं सारीपाट, गंजिफा, बुद्धिबळें ठाऊक असतात. त्यांहून हा निराळा. यांत खेळाडू सोंगटी हलवीत नाहीं, तो स्वतःच एक पात्र होतो. कोणी मचव्यावरचा तांडेल, कोणी किल्ल्याच्या कामावरचा पाथरवट, कोणी मुंबईकर इंग्रजांचा कप्तान. आपण काय करणार हें ज्यानें त्यानें तोंडानें सांगावयाचें. एक जण सूत्रधार असतो. तो प्रसंग वर्णन करतो, आणि जेथें यशापयश अनिश्चित असेल तेथें दान टाकावयास लावून निकाल देतो. अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं १९७४ सालीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नांवानें अशा खेळाचीं तीन लहान पुस्तकें काढलीं, तेव्हांपासून हा प्रकार जगभर पसरला. त्या पुस्तकांत इतक्या गोष्टी मोघम राहिल्या होत्या कीं प्रत्येक मंडळीला आपले नियम आपणच करणें भाग पडलें, आणि पुढें नियम करणें हाच या खेळाचा अर्धा आनंद होऊन बसला.

ही हौस आपल्याला परकी नाहीं. आपल्याकडच्या जुन्या बुद्धिबळांत प्यादें पहिल्या चालीलाही एकच घर जाई, राजाला एकदां घोड्याप्रमाणें अडीच घरांची उडी घेतां येई, आणि प्याद्यानें दिलेली मात विशेष मानाची समजत. परगांवचा पाहुणा पटावर बसला कीं ‘तुमच्याकडे कसें ?’ हें आधीं विचारून घ्यावें लागे. न विचारलें तर रात्रीच्या जेवणापर्यंत अबोला.

रेवसच्या या मुलीनें राक्षस व जादूगार घेतले नाहींत. दारांतलें पाणी घेतलें. १६७९ सालच्या पावसाळ्यांत शिवछत्रपतींनीं थळसमोरच्या खांदेरी बेटावर किल्ला बांधण्यास माणसें उतरविलीं. मायनाक भंडारी त्यांचा नायक होता. मुंबईच्या तोंडाशीं मराठ्यांचें ठाणें होतें आहे हें पाहून इंग्रजांनीं गलबतें पाठविलीं व बेटाची रसद तोडण्याचा प्रयत्न चालविला. सप्टेंबरांतल्या एका चकमकींत त्यांचा थॉर्प नांवाचा लेफ्टनंट मारला गेला, तरी वेढा उठला नाहीं. याच वेढ्यावर हा खेळ आहे. एका पक्षानें बेटावर धान्य व माणसें पोंचवावयाचीं, दुसऱ्यानें तीं अडवावयाचीं.

वहीच्या तिसऱ्या पानावरचा नियम वाचून आम्हीं वही बाजूला ठेविली व पंचांग उघडलें. नियम असा : खेळ मांडतांना एक तिथि काढावी; तिथीच्या आंकड्याची पाऊणपट करावी; येईल तो भरतीचा तास. कोंकणकिनाऱ्यावरचा हा हिशेब जुनाच आहे. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा. तेथून सुमारें सहा तासांनीं पूर्ण ओहोटी. मुलीनें खेळांतली प्रत्येक चाल एका प्रहराची धरली आहे, त्यामुळें दोन चालींत पाणी भरतें आणि दोन चालींत ओसरतें. वेगळें कोष्टक लागत नाहीं.

पण खरी खुबी पुढें आहे. त्याच तिथीनें चांदणेंही ठरतें. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीं मावळतो, वद्य अष्टमीचा मध्यरात्रीं उगवतो. दोन्ही अष्टमींना पाण्याचा हिशेब एकच, उजेडाचा मात्र अगदीं उलट. वद्य अष्टमीला संध्याकाळीं भरलेलें पाणी मध्यरात्रीपर्यंत खाडीबाहेर ओढ घेतें, तोंवर काळोखही असतो, आणि रात्रीचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. धान्य भरून निघालेल्या मचव्याला आणखी काय हवें ? शुद्ध अष्टमीला तोच मचवा त्याच ओढीवर निघाला तर डोक्यावर चंद्र असतो. आणि काळोखाची वाट पाहत थांबला तर मध्यरात्रीं पाणी उलटून खाडींत शिरूं लागतें, मग वल्ह्यांवर सारा भार. पौर्णिमेला उधाणाचें भरपूर पाणी, पण लांबवर शीड दिसेल असें चांदणें. नऊ माणसें एका आंकड्यावरून अर्धा तास वाद घालीत होतीं, असें भगिनी लिहितात. खेळाडूनें एकच लहान गोष्ट करावी आणि तींतून त्याच्यापुढें चार कठीण प्रश्न उभे राहावेत, असा नियम करणें सोपें नाहीं. तेरा वर्षांच्या मुलीनें तो केला आहे.

सातव्यापासून अकराव्या पानापर्यंत तोफांचीं कोष्टकें आहेत. गोळ्याचें वजन शेरांत आणि पौंडांत, टप्पा हातांत आणि यार्डांत. अक्षर निराळें दिसतें. घरांतल्या एखाद्या इंजिनियर काकांचा त्यांत हात असावा. हीं पानें काढून टाकावींत. ‘लागला’, ‘चाटून गेला’, ‘चुकला’ एवढें पुरे.

आतां तंट्याकडे. खेळांत फाशांऐवजीं सहा कवड्या टाकतात. ज्या रात्रीं बेटावर रसद पोंचली नाहीं ती उपाशी रात्र. पहिल्या उपाशी रात्रीं सहाही कवड्या उताण्या पडल्या तरच बेट शत्रूच्या हातीं जावयाचें. लागोपाठ दुसऱ्या रात्रीं पांच किंवा अधिक. तिसऱ्या रात्रीं चार किंवा अधिक. पांचव्या रात्रींच्या खेळांत तिसरी उपाशी रात्र आली. सूत्रधार आजोबा होते. इंग्रज कप्तान झालेल्या धाकट्या काकांनीं कवड्या टाकल्या, चार उताण्या पडल्या. आजोबांनीं कवड्या गोळा केल्या आणि म्हणाले, “हें दान धरावयाचें नाहीं. खांदेरी पडलेली नाहीं.” मुलगी म्हणाली, “आजोबा, नियम तुम्हीं वाचला होता. तुम्हीं बरा म्हटलात.” त्यावर आजोबा : “महाराजांचा किल्ला कवड्यांनीं पडत नसतो, बाळ.” खेळ तेथें संपला.

आजोबांची बाजू आम्ही हलकी मानीत नाहीं. खांदेरी त्या वेढ्यांत पडली नाहीं, हा इतिहास आहे. १६८० च्या आरंभीं इंग्रजांनींच तिचा नाद सोडला. २०२५ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशांत घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत ती आहे. नातवंडांनीं आपल्याच अंगणासमोरचा किल्ला आपल्याच हातानें इंग्रजांच्या पदरांत टाकावा, हें सत्तरी उलटलेल्या माणसाला रुचलें नाहीं, तर त्यांत नवल नाहीं.

तरी आमचा कौल मुलीकडे आहे. बेटावर दगड रचणाऱ्या माणसांना पुढचा इतिहास ठाऊक नव्हता. किल्ला टिकेल असें त्यांना कोणीं लिहून दिलें नव्हतें. खेळांत बेट पडणें अशक्य केलें, कीं काळोखांतून वल्हीं मारीत जाणारा मचवा नुसता दिंडीसारखा होतो. पोंचला तरी तेंच, न पोंचला तरी तेंच. मग तांडेल झालेल्या त्या लहानग्या नातवानें तिथि पाहून, वारा पाहून, छाती धडधडत घेतलेला निर्णय कशासाठीं ?

१८ ऑक्टोबर १६७९ चा दिवस आजोबांनीं आठवून पाहावा. दौलतखानाच्या हाताखालीं मराठ्यांचें सुमारें पन्नास गलबतांचें आरमार इंग्रजांवर तुटून पडलें. इंग्रजांचें ‘डव्ह’ हें जहाज मराठ्यांनीं पकडलें. परंतु ‘रिव्हेंज’ या एका मोठ्या लढाऊ जहाजानें तोफांच्या बळावर उरलेल्यांना मागें रेटलें, आणि आपलें आरमार नागोठण्याच्या खाडीच्या उथळ तोंडाशीं परतलें. हें तोंड म्हणजेच रेवसचें पाणी. धक्क्यावर उभें राहून करंज्याकडे पाहिलें असतां जी खाडी दिसते, ती हीच. म्हणजे भर समुद्रांतली झुंज त्या दिवशीं आपल्याला फळली नाहीं, आणि तरीही खांदेरी राहिली; कारण उथळ पाण्यांतून, वल्ह्यांच्या जोरावर, लहान होड्या रात्रीं-अपरात्रीं बेटावर जात राहिल्या आणि मोठीं जहाजें त्यांना अडवूं शकलीं नाहींत. ‘आपण हरत नसतों’ हाच नियम खेळाला लावला, तर ऑक्टोबरांतली ती माघार खेळांत येऊंच शकत नाहीं, आणि माघार न आली तर रात्रींच्या होड्यांचें मोल कळत नाहीं. आजोबा ज्या विजयाचा मान राखूं पाहतात, तो विजय कसा मिळाला हेंच त्यामुळें झांकून जातें.

सूत्रधाराचा अधिकार किती, हा प्रश्न जुना आहे. प्रशियाच्या सैन्यांत राइसवित्झ नांवाच्या अधिकाऱ्यानें १८२४ सालीं नकाशावर खेळण्याचा युद्धखेळ सिद्ध केला. त्यांत फासे होते, कोष्टकें होतीं आणि निवाडा देणारा एक तटस्थ होता. आणि प्रशियाचेच अधिकारी त्यांत हरतही असत. हरणें शिकावें म्हणूनच तर तो खेळ सैन्याला हवा होता. पुढें १८७६ सालीं व्हेर्डी दु व्हेर्न्वा या सेनानीनें कोष्टकें बाजूला सारून तटस्थाच्या अनुभवावर निवाडा सोंपविण्याचा पक्ष मांडला. आजोबांना हा आधार सांपडला तर ते आनंदानें पुढें करतील, म्हणून आधींच सांगून ठेवितों : दान टाकण्यापूर्वीं ‘येथें दान नको, मी सांगतों काय होईल तें’ असें म्हणणें निराळें, आणि पडलेलें दान उचलून घेणें निराळें. पहिल्यांत अनुभव आहे. दुसऱ्यांत, ममतेनें कां होईना, आठ जणांचा विश्वास मोडतो. त्यांतून घरांत ज्यांच्या शब्दाला उत्तर नाहीं असेच सूत्रधार असले, तर मुलांना वही मिटण्यावांचून दुसरा मार्ग राहत नाहीं.

मुलीच्या नियमांतही दोष आहे, तो तिनें मोकळ्या मनानें पाहावा. कवडी दोन्ही अंगांवर सारखीच पडते असें धरलें, तर सहा कवड्या चौसष्ट तऱ्हांनीं पडतात. सहाही उताण्या एकाच तऱ्हेनें. पांच किंवा अधिक, सात तऱ्हांनीं. चार किंवा अधिक, बावीस तऱ्हांनीं. म्हणजे तिसऱ्या उपाशी रात्रीं बेट जाण्याचा संभव एक तृतीयांशाहून जास्त झाला ! जें बेट खरोखर महिनोन्महिने टिकलें, तें येथें तीन रात्रींत डळमळतें. आजोबांच्या रागाला इतका आधार गणितांतच होता. त्यांनीं कवड्या उचलण्याऐवजीं हा हिशेब मांडला असता तर नातीनेंच नियम बदलला असता. आमची सूचना अशी कीं बेटावर आरंभीं पंधरा रात्रींचें धान्य धरावें, तें संपेपर्यंत उपाशी रात्र मोजूं नये. शिवाय दान वाईट पडलें कीं एकदम बेट पडावें, असें कशाला ? प्रथम तटाचें काम थांबावें, मग कांहीं माणसें होडीनें परत यावींत, आणि अगदीं अखेरीस शरणागति. पडण्याची भीति फार वेळ टिकली पाहिजे. पडणें क्वचितच घडावें.

हा बदल मात्र खेळ चालू असतांना करूं नये. एक डाव संपून दुसरा मांडण्यापूर्वीं सर्वांनीं बसून करावा, आणि मत घेतांना सर्वांत धाकट्यापासून आरंभ करावा. आजोबांनीं आधीं मान हलविली, कीं त्यानंतरचीं आठ मतें तींच येतात, हें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांना सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट वहींत मुळींच नाहीं, ती म्हणजे सिद्दी. जानेवारी १६८० मध्यें सिद्दी कासमानें शेजारचें उंदेरी बेट बळकावून तेथें तोफा चढविल्या, आणि खांदेरीसमोर दुसरा शत्रु कायमचा येऊन बसला. मुलीची वही इंग्रजांपाशींच थांबते. तेव्हां पुढच्या सुटींत दुसरा भाग रचावा, त्यांत सूत्रधार तिनें व्हावें, आणि सिद्दीचा पक्ष आजोबांनीं घ्यावा. वेढा कसा घालावा हें घरांत त्यांच्याइतकें कोणाला कळत नसेल. मात्र खांदेरी आणि उंदेरी यांच्यामधलें पाणी कोणत्या तिथीला किती राहतें, हें पंचांगांत मिळणार नाहीं. तें एकदां थळला जाऊन तेथल्या कोळ्यांना विचारून वहींत उतरून घ्यावें लागेल.