स्वस्त गोळी आणि एकादशीचा उपवास

मार्च 2025 मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या औषधाचे भारतातील पेटंट संपले आणि सुमारे 60 रुपयांना मिळणारी मधुमेहाची गोळी काही कंपन्यांनी लगेच 10 रुपयांच्या आत आणली. विज्ञानवार्तांनी त्याचे स्वागत केले, आणि ते योग्यच होते. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियाब’ सर्वेक्षणाच्या अंदाजानुसार देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. एवढ्या मोठ्या समूहासाठी औषधाची किंमत हा उपचाराचाच भाग असतो. मात्र मी वाचलेल्या बहुतेक बातम्यांत गोळी केवढ्याला मिळते हे होते. ती कोणत्या दिवशी घेऊ नये, हे नव्हते.

ही उणीव मला बोचते, त्याला घरचे कारण आहे. काशीत रामघाट, ब्रह्माघाट, दुर्गाघाट या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. आमचे घर त्यांपैकीच एक. बोलण्यात हिंदी मिसळली, पण एकादशी सुटली नाही. काही वर्षांपूर्वी आषाढी एकादशीला माझ्या आत्याने सकाळची गोळी नेहमीप्रमाणे घेतली आणि दिवसभर पाण्याखेरीज काही घेतले नाही. संध्याकाळी ती घाटाच्या पायरीवर बसली, ती उठेना. अंग घामाने भिजलेले, हात थरथरत होते, बोलणे असंबद्ध. लोकांना वाटले, उपवासाचा थकवा. गिळण्याइतकी शुद्ध होती आणि कोणीतरी वेळीच साखरेचे पाणी पाजले, म्हणून निभावले. ‘औषध चुकवू नका’ एवढेच तिला सांगण्यात आले होते. तिने ते तंतोतंत पाळले होते.

आत्याची गोळी ग्लिमेपिराइडची होती. मी भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. त्यामुळे तिचे कार्य मला विद्युत्-नियंत्रणाच्या भाषेत समजते. स्वादुपिंडातील बीटा पेशीत ग्लुकोज शिरले की ऊर्जेचा साठा वाढतो, पेशीच्या आवरणातील पोटॅशियमची द्वारे मिटतात, विद्युत्-विभव बदलतो, कॅल्शियम आत येते आणि इन्सुलिन बाहेर पडते. साखर कमी झाली की ही साखळी आपोआप थांबते. ग्लिमेपिराइड पोटॅशियमचे द्वार स्वतःच मिटवते. रक्तात साखर किती आहे, हे ते विचारत नाही. म्हणून पोट रिकामे असतानाही इन्सुलिन येत राहू शकते. वय झालेल्या आणि मूत्रपिंडे मंदावलेल्या रुग्णांत हा धोका अधिक असतो.

एम्पाग्लिफ्लोझिनचा मार्ग वेगळा. मूत्रपिंडे गाळलेली साखर पुन्हा रक्तात घेतात. ही गोळी ती वाट अडवते आणि साखर लघवीवाटे जाते. रक्तात साखर कमी, तर बाहेर जाणारीही कमी. त्यामुळे एकट्या या गोळीने साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरण्याचा संभव थोडा. पण साखरेबरोबर पाणीही जाते. निर्जळी उपवास, उलट्या-जुलाब किंवा तीव्र ताप असताना ही गोळी चालू राहिली, तर शरीर कोरडे पडते आणि क्वचित रक्तात कीटोन आम्ले साचतात. तेव्हा साखरेचा आकडा जवळजवळ सामान्य दिसू शकतो आणि निदान हुकते. याच कारणासाठी नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी ही गोळी साधारण 3 दिवस आधी थांबवली जाते.

मेटफॉर्मिन तर सर्वांत परिचित. तिच्या एकटीने साखर सहसा फार घसरत नाही. पण मूत्रपिंडांची गाळणक्षमता दर्शवणारा ईजीएफआर हा आकडा 30 च्या खाली गेला, तर ती देत नाहीत, आणि दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकते. दोन्ही गोष्टी साध्या रक्ततपासणीत कळतात. आपल्याकडे ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकाच गोळीत सर्रास मिळतात. ‘मी एकच गोळी घेतो’ असे म्हणणारा रुग्ण अनेकदा दोन औषधे घेत असतो आणि त्याला ते ठाऊकही नसते.

यावर एक आक्षेप मी डॉक्टर मित्रांकडून ऐकला आहे: एवढे धोके सांगितले तर लोक घाबरून औषधच सोडतील. ही चिंता खोटी नाही. अनियंत्रित मधुमेह डोळे, मूत्रपिंडे आणि नसा पोखरतो. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील यूकेपीडीएस अभ्यासाने साखर आटोक्यात ठेवण्याचा लाभ ठळकपणे दाखवला. पण आमच्या घरी घडले ते उलटेच. त्या एकादशीनंतर आत्याने दोन महिने गोळीला हात लावला नाही. तिला माहितीने घाबरवले नव्हते. माहिती नसताना अंगावर आलेल्या प्रसंगाने घाबरवले होते.

म्हणून माझे म्हणणे असे की औषध स्वस्त होणे ही अर्धी बातमी आहे. उरलेली अर्धी गोळीच्या पाकिटावर, रुग्णाच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत हवी: जेवण चुकल्यास काय करावे, उलट्या-जुलाब झाल्यास काय करावे, मूत्रपिंडांची तपासणी कधी करावी. गोळी स्वस्त झाल्याने वाचलेल्या पैशांतून वर्षातून एकदा क्रिएटिनिनची तपासणी सहज होऊ शकते.

विद्यार्थिमित्रांनो, सुट्टीत घरी जाल तेव्हा आजी-आजोबांच्या गोळ्यांच्या पट्टीची मागची बाजू वाचा. औषधांची नावे वहीत उतरवा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा: उपवासाच्या दिवशी यांतली कोणती घ्यायची, किती आणि केव्हा? गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका, बदलूही नका. साखर 70 च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल, तर 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा 3 चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे.

आत्या आजही एकादशी करते. गोळीचे वेळापत्रक डॉक्टरांनी बदलून दिले आहे, आणि घाटावर जाताना तिच्या पदराच्या गाठीला ग्लुकोजची पुडी असते.