रांगेत न दिसणारी माणसे

मतदानाचा दिवस उलटला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक मथळा हमखास असतो : शहरी मतदारांची उदासीनता. त्याखाली ओस पडलेल्या एखाद्या केंद्राचे छायाचित्र आणि शेजारी शाई लावलेले बोट दाखवणारा नट किंवा नटी. मग आठवडाभर वाचकांच्या पत्रव्यवहारात सुशिक्षितांची खरडपट्टी काढली जाते. सुट्टी मिळताच महाबळेश्वरला पळणारे, घरात बसून सरकारला नावे ठेवणारे, वगैरे. हे सारे मी इतकी वर्षे वाचत आलो आहे की त्यातली वाक्येही पाठ झाली आहेत. त्यात तथ्य नाही असे नाही. पण निदान एवढ्यावरच थांबले तर औषध कधीच सापडायचे नाही.

आकडे काय सांगतात ते आधी पाहू. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत देशात ६७.४ टक्के मतदान झाले होते. २०२४ साली ते ६५.७९ टक्क्यांवर आले. म्हणजे दर तीन मतदारांपैकी एक जण केंद्राकडे फिरकलाच नाही. महाराष्ट्राचा आकडा ६१ टक्क्यांच्या आसपास. त्यातही गडचिरोली-चिमूर मतदारसंघात जवळपास ७२ टक्के, आणि मलबार हिल, कुलाबा ज्यात येतात त्या दक्षिण मुंबईत जेमतेम ५०. जिथे केंद्र गाठायला जंगलातून पायपीट करावी लागते तिथले लोक मतदान करतात, आणि जिथे केंद्र हाकेच्या अंतरावर आहे तिथले करत नाहीत. अशी तुलना डोळ्यांसमोर आली की शहरवासीयांना बोल लावण्याचा मोह कोणालाही आवरणार नाही.

मी पेशाने शिक्षक. आमच्या पिढीच्या शिक्षकांना निवडणुकीचे काम चुकत नसे. पत्र्याची पेटी, मतपत्रिकांचे गठ्ठे, लाख, मेणबत्ती असा सरंजाम घेऊन आदल्या दिवशी एस.टी.ने केंद्रावर जायचे, रात्री शाळेच्या बाकांवर आडवे व्हायचे आणि पहाटे उठून खोली सजवायची. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत मी एका खेड्यात केंद्राध्यक्ष होतो. दुपारी एक आजी आल्या. यादीतले नाव आणि त्यांनी सांगितलेले नाव यांत थोडा फरक होता. एका उमेदवाराच्या प्रतिनिधीने लगेच दोन रुपये भरून आक्षेप घेतला. नियमाप्रमाणे मला चौकशी करणे भाग होते.

"आजी, मालकांचं नाव काय?" मी विचारले.

आजी पदर सावरून गप्प. पुन्हा विचारले, तरी गप्प. नवऱ्याचे नाव त्यांनी आयुष्यात उच्चारले नव्हते आणि मतासाठी ते उच्चारायची त्यांची तयारी नव्हती. शेवटी रांगेतल्या दुसऱ्या बाई पुढे झाल्या. "मास्तर, त्या न्हाई घ्यायच्या नाव. मी सांगते," म्हणाल्या, आणि त्यांनी आजींच्या तीन पिढ्या सांगून टाकल्या. आजींनी मत दिले. आक्षेपाचे दोन रुपये सरकारजमा झाले.

हा प्रश्न त्या आजींपुरता नव्हता. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी यादी करणाऱ्यांना उत्तर भारतात लाखो स्त्रिया अशा भेटल्या, की त्या स्वतःचे नाव सांगायला तयार नव्हत्या. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच ओळख. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य करण्यास नकार दिला, आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीबाहेर राहिली. त्या वेळी ही कठोरता अनेकांना खटकली. पण पुढच्या निवडणुकीपर्यंत त्यातल्या पुष्कळ जणी आपापल्या नावाने यादीत आल्या. १९६२ साली पुरुष आणि स्त्रिया यांच्या मतदानात सुमारे १७ टक्क्यांचे अंतर होते. २०१९ साली ते नाहीसे झाले. उलट स्त्रियाच किंचित पुढे गेल्या. म्हणजे मतदानाचे प्रमाण ही काही देवाने ठरवून दिलेली गोष्ट नाही. खटपट केली की ते वाढते. आणि ती खटपट भाषणांपेक्षा यादीपासून सुरू झाली तर जास्त फळते.

यादीचे प्रकरण किती महत्त्वाचे आहे हे सांगण्यासाठी माझ्या घराचेच उदाहरण देतो. पुण्यातल्या आमच्या घरात यादीप्रमाणे चार मतदार आहेत. एक मी. दुसरी माझी पत्नी. तिला जाऊन सहा वर्षे झाली. मृत्यूचा दाखला जोडून नाव कमी करण्याचा अर्ज मी दोनदा दिला आहे, दोन्ही पोचपावत्या माझ्याकडे आहेत आणि तिचे नाव यादीत आहे. तिसरी मुलगी, लग्न होऊन ती नागपूरला गेली, तिचे नाव तिथल्या यादीत आले, ती तिथे मत देते, पण इथले नाव कायम. चौथा मुलगा. तो बंगळूरला नोकरी करतो. भाड्याचे घर दर दोन वर्षांनी बदलतो, त्यामुळे तिथल्या यादीत त्याने नाव घातलेले नाही, आणि एका मतासाठी आठशे किलोमीटर येणे त्याला दर वेळी जमत नाही. २०२४ साली मी सकाळी साडेसातला जाऊन मत देऊन आलो. आमच्या घराचे मतदान झाले २५ टक्के. आता या घराला उदासीन म्हणायचे का?

शहरांच्या टक्केवारीत अशी किती घरे असतील याचा विचार कोणी करत नाही. माणसे मरतात, भाडेकरू बदलतात, चाळी पाडून टोलेजंग इमारती उभ्या राहतात आणि मूळ रहिवासी कुठे तरी उपनगरात जातात. यादी मात्र जुन्याच पत्त्यावर राहते. टक्केवारी काढताना भागायचे ते याच फुगलेल्या आकड्याने. मग ती घसरलेली दिसते यात नवल काय? बिहारमध्ये २०२५ साली याद्यांची सखोल फेरतपासणी झाली, तेव्हा प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे वगळली गेली. त्यानंतरच्या विधानसभा निवडणुकीत मतदान ६७ टक्क्यांच्या आसपास गेले. २०२० साली ते ५७ टक्के होते. मत देणाऱ्यांची संख्याही वाढली हे खरे, पण भागाकारातला खालचा आकडा लहान झाला हेही तितकेच खरे. मात्र यादी साफ करण्याच्या नादात जिवंत माणसाचे नाव गेले तर ते गळू कापताना बोट कापण्यासारखे होईल. २०१४ साली पुण्या-मुंबईत ओळखपत्र हातात घेऊन आलेले कितीतरी लोक नाव नाही म्हणून परत गेले होते. त्यांचा संताप मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. त्यांना उदासीन म्हणण्याची कोणाची छाती आहे?

आता रांगेकडे वळू. हा हिशेब मी स्वतः कागदावर मांडला आहे, वाचकांनी ताडून पाहावा. सकाळी ७ ते संध्याकाळी ६ म्हणजे ११ तास, म्हणजेच ३९,६०० सेकंद. एका केंद्रावर पंधराशे मतदार धरले, तर प्रत्येकाच्या वाट्याला येतात २६ सेकंद. तेवढ्या वेळात यादीत नाव शोधायचे, ते मोठ्याने पुकारायचे, बोटाला शाई लावायची, सही घ्यायची, चिठ्ठी द्यायची, यंत्र चालू करायचे. मतदाराने बटण दाबल्यावर काचेमागे चिठ्ठी दिसते तीच मुळी ७ सेकंद. सगळे मतदार खरोखरच आले, तर व्यवस्था कोलमडून पडेल. काही लोक येणारच नाहीत, हे गृहीत धरूनच ती उभी आहे.

२० मे २०२४ रोजी मुंबईत काय झाले ते आठवा. सोमवार, त्याला जोडून शनिवार-रविवार, शाळांना सुट्टी, चाकरमानी गावाला गेलेला. पण जे राहिले होते ते उन्हात तासन् तास उभे होते. खिशात मोबाइल आहे म्हणून कित्येकांना दारातून परत पाठवले. तो ठेवायचा कुठे, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. साठीच्या पुढची माणसे घोटभर पाण्यासाठी वणवण करत होती. निवडणूक आयोगाने त्यातून काही धडे घेतले हे नमूद केले पाहिजे. त्याच वर्षी विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला, मुद्दाम बुधवारी ठेवले. मोठ्या गृहनिर्माण संस्थांच्या आवारात केंद्रे उघडली. राज्यातले मतदान ६६ टक्क्यांवर गेले. २०२५ साली एका केंद्रावरील मतदारांची मर्यादा १२०० वर आणली आणि दारात मोबाइल ठेवण्याची सोय करण्याचे ठरवले. माझ्या हिशेबात आता २६ ऐवजी ३३ सेकंद झाले. थोडे आहे, पण दिशा बरोबर आहे.

यापेक्षा अवघड दुखणे आहे ते पोटासाठी गाव सोडणाऱ्यांचे. बीडमध्ये १३ मे २०२४ रोजी मतदान झाले तेव्हा ऊसतोडीचा हंगाम संपून टोळ्या घरी परतल्या होत्या. तिथे ७० टक्क्यांवर मतदान झाले. हीच तारीख जानेवारीतली असती तर? कोयता घेऊन कोल्हापूरला किंवा कर्नाटकात गेलेल्या जोडप्याने एका दिवसाची मजुरी आणि दोघांचे भाडे घालवून गावी यावे, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार? निवडणूक आयोगाने दूरच्या मतदारसंघाचे मत राहत्या ठिकाणी देता येईल अशा यंत्राची कल्पना २०२२ च्या अखेरीस मांडली होती. एका यंत्रावर ७२ मतदारसंघ हाताळता येतील अशी ती योजना होती. राजकीय पक्षांनी शंका काढल्या आणि विषय मागे पडला. शंका रास्तही असतील. पण सीमेवरच्या जवानाचे मत टपालाने येऊ शकते, ८५ वर्षांवरील वृद्धाच्या घरी जाऊन मत घेता येते, तर बांधकामावरच्या गवंड्यासाठी काहीच सुचू नये, हे मला पटत नाही.

एक गोष्ट आपल्या घरातलीच आहे. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी देण्याचे बंधन कायद्याने १९९६ सालापासून कारखाने, दुकाने, आस्थापनांवर आहे. पण धुण्याभांड्याच्या मावशी, स्वयंपाकाच्या काकू, गाडीचा चालक यांना ही सुट्टी कोण देणार? त्यांची आस्थापना म्हणजे आपण. आमच्याकडच्या मावशींची झोपडी रस्तारुंदीत गेली, त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेल्या. नाव अजून जुन्या वस्तीत. चार घरची कामे आटोपून दोन बस बदलून त्यांनी जायचे म्हटले, तर दिवस मोडतो. आपण मत देऊन येतो, बोटाचा फोटो काढतो आणि त्याच दिवशी पाहुणे आले म्हणून त्यांना जादा काम सांगतो.

सक्तीचा उपाय सुचवणारे पुष्कळ आहेत. ऑस्ट्रेलियाने १९२४ साली मतदान सक्तीचे केले आणि ६० टक्क्यांखालचे प्रमाण पुढच्याच निवडणुकीत ९० च्या वर गेले. मत न देणाऱ्याला तिथे २० डॉलर दंड होतो. पण तिथे मतदान शनिवारी असते, आधी किंवा टपालाने मत देता येते, आणि केंद्राबाहेर सॉसेज भाजून विकण्याची जत्रा भरते. आपल्याकडे वडापावची गाडी केंद्राच्या आसपास दिसली तर पोलीस आधी तीच हलवतील! सोयी न देता दंड लावला तर तो भरावा लागेल ऊसतोड कामगाराला, दक्षिण मुंबईतल्या बंगलेवाल्याला त्याचे काय? गुजरातने स्थानिक संस्थांसाठी असा कायदा केला होता. २०१५ साली उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. ते योग्यच झाले.

पुढची लोकसभा निवडणूक २०२९ साली अपेक्षित आहे. नाव घालण्यासाठी आता १ जानेवारीची वाट पाहावी लागत नाही. एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेलाही अठरा वर्षे पूर्ण होणाऱ्याचे नाव घेतले जाते. पत्ता बदलला असेल तर नमुना ८ भरायचा. मावशींचा मी मागच्याच महिन्यात भरून दिला. पत्त्याचा पुरावा जमवायला तीन आठवडे लागले. सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. मुलीची मुलगी शिकायला माझ्याकडे राहते, तिने परवा नमुना ६ भरला. अर्जाचा क्रमांक तिने मोबाइलमध्ये ठेवला आहे. मी डायरीतही लिहून ठेवला आहे, पत्नीच्या अर्जाच्या दोन पोचपावत्या जिथे चिकटवल्या आहेत त्याच पानावर.