कुलूप म्हणजे सुरक्षा नव्हे!

२१ सप्टेंबर २०१७. शारदीय नवरात्राचा पहिला दिवस. घरोघरी घट बसले होते आणि त्याच सायंकाळी महामना मालवीयांनी १९१६ साली स्थापन केलेल्या बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात वसतिगृहाकडे परतणाऱ्या एका विद्यार्थिनीचा विनयभंग झाला. जवळचे सुरक्षारक्षक धावून आले नाहीत, उलट ‘इतक्या उशिरा बाहेर कशाला होतीस?’ असे तिलाच विचारण्यात आले, ही विद्यार्थिनींची तक्रार होती. दुसऱ्या दिवसापासून मुली सिंहद्वारावर बसल्या. २३ तारखेच्या रात्री लाठ्या चालल्या. शक्तीच्या उपासनेचा हा कोणता प्रकार?

पुढे चीफ प्रॉक्टरांनी राजीनामा दिला आणि डॉ. रोयाना सिंह या पदावर आल्या. विश्वविद्यालयाच्या इतिहासातील त्या पहिल्या महिला चीफ प्रॉक्टर. सुरक्षेची सूत्रे एका स्त्रीच्या हाती जाण्यास शंभर वर्षे लागावीत आणि तीही लाठ्या चालल्यानंतर, याचा विचार आपण करणार की नाही?

डाव्या संघटनांनी या प्रश्नावर रान उठवले. २०१५ पासून दिल्लीत वसतिगृहांच्या वेळांविरुद्ध चाललेल्या आंदोलनाच्या आडून कुटुंबव्यवस्थेवर कोरडे ओढण्याची हौस त्यांनी भागवून घेतली, हे खरेच. परंतु प्रश्न विरोधकाने विचारला म्हणून तो खोटा ठरत नाही. मुलाने रात्री ग्रंथालयात बसावे आणि मुलीने त्याच वेळी कुलपाआड असावे, याला संस्कृती म्हणायचे काय? गार्गी-मैत्रेयीची नावे व्यासपीठावरून घ्यायची आणि त्यांच्या लेकींना ग्रंथालयाचे दार बंद करायचे, हा दांभिकपणा आहे. गुन्हा करणारा मोकळा आणि जिच्यावर गुन्हा घडू शकतो ती बंदिस्त, हा न्याय नव्हे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१३ च्या ‘सक्षम’ अहवालाने हेच बजावले होते की, सुरक्षेच्या नावाखाली मुलींच्या वावरावर निर्बंध नकोत. त्याच वर्षीच्या कायद्याने अंतर्गत तक्रार समितीची अध्यक्ष वरिष्ठ महिला असावी आणि निम्म्या तरी सदस्य महिला असाव्यात, असे बंधन घातले. कायदा आहे, तो राबविणारी इच्छाशक्ती हवी.

नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच परिसरातील आयआयटीच्या विद्यार्थिनीवर रात्री अत्याचार झाल्याची तक्रार आली, तेव्हा उपाय म्हणून पुढे काय आले? दोन संस्थांमध्ये भिंत! अटक झालेल्यांच्या पक्षीय संबंधांची चर्चा झाली. येथे आपल्या कार्यकर्त्यांनाही एक स्पष्ट शब्द सांगितला पाहिजे. आरोपी कोणाचा, हे पाहून आपला आवाज चढणार वा उतरणार असेल, तर मातृशक्तीचा जयघोष करण्याचा अधिकार आपण गमावला. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात तरुण डॉक्टरचा बळी गेला. त्यात दोषी ठरलेला इसम पोलिसांचाच स्वयंसेवक होता. तेथे पहारा नव्हता असे नाही. पहारेकऱ्यावर लक्ष कोणाचे, हा प्रश्न होता.

वंदनीय मावशी लक्ष्मीबाई केळकर यांनी १९३६ च्या विजयादशमीला वर्ध्यात राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली, तेव्हा मुलींना घरात दडवा, असे त्यांनी सांगितले नाही. त्यांनी मुलींना मैदानावर आणले, हाती दंड दिला आणि नेतृत्व शिकविले. आपली परंपरा ही आहे. मात्र, मुलीने स्वसंरक्षण शिकावे म्हणून संस्थेचे उत्तरदायित्व संपत नाही.

सुरक्षा सर्वांना सारखी मिळाली, तरच समरसतेला अर्थ. वनवासी पाड्यावरून वा ईशान्य भारतातून आलेल्या, भाषेने एकट्या पडलेल्या मुलीला तक्रारीसाठी कोणाचे दार ठोठवावे हे ठाऊक नसते. ते दार उघडणारी स्त्री अधिकारपदावर हवी. केवळ स्वागत समितीत ओवाळायला नको.

आपल्यापैकी कित्येक जण शिक्षणसंस्थांच्या नियामक मंडळांवर आहेत. त्यांनी येत्या बैठकीत एवढेच विचारावे : आपल्या तक्रार समितीची शेवटची बैठक कधी झाली? रात्रपाळीला महिला सुरक्षारक्षक किती? सुरक्षेचे निर्णय घेणाऱ्यांत स्त्रिया किती? उत्तर देताना मान खाली जाणार असेल, तर यंदाचे घट बसविण्यापूर्वी ती उंचावण्याची तजवीज करावी.