कोंबडीला उंदराच्या मापाने मोजू नका

छत्तीसगडमधल्या कुरुदमध्ये आमच्या गल्लीत अजून काही घरी देशी कोंबड्या आहेत. एखादी खुडूक होऊन अंड्यांवर बसली की मी शेजारची मुलं गोळा करतो, खोलीत अंधार करून अंडं टॉर्चवर धरतो. पाचव्या दिवशी लाल शिरांचं जाळं दिसतं. जीवशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, तरी ते पाहताना मला अजून भरून येतं. मुलं हमखास विचारतात, आत ते खातं काय?

बलक. एकवीस दिवसांत पिल्लाला लागणाऱ्या ऊर्जेचा सुमारे ९० टक्के भाग बलकातल्या चरबीतून येतो. त्यातली बरीचशी चरबी शेवटच्या आठवड्यात शोषली जाते. उरलेला बलक पोटात घेऊनच पिल्लू बाहेर येतं. हॅचरीतून निघून शेडवर पोचेपर्यंत दाणा न मिळालेलं ब्रॉयलरचं पिल्लू त्याच शिदोरीवर तगतं.

ही चरबी कधी जाळायची, कधी साठवायची, हे ठरवण्यात संप्रेरकांचा हात असतो. इथेच विज्ञानाची मोठी फसगत झाली. १९९४मध्ये न्यूयॉर्कला जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत उंदरातलं लेप्टिन सापडलं. चरबीतून रक्तात जाऊन ते मेंदूला साठ्याची खबर देतं. काही वर्षांतच कोंबडीचं लेप्टिन मिळाल्याचा दावा झाला. ते उंदराच्या लेप्टिनशी जवळजवळ तंतोतंत जुळत होतं, आणि शंका यायला तेवढंच पुरेसं होतं. इतर प्रयोगशाळांना ते मिळेना. वाद वर्षानुवर्षं चालला. खरं जनुक २०१६मध्ये हाती लागलं, तेव्हा ते फारच वेगळं निघालं. शिवाय कोंबडीत ते मेंदूसारख्या अवयवांत काम करतं, चरबीत जवळजवळ नसतंच. अ‍ॅडिपोनेक्टिन हे दुसरं संप्रेरक मात्र कोंबडीच्या चरबीत बनतं.

पक्ष्याचं शरीरच निराळं आहे. कोंबडी नवी चरबी मुख्यतः यकृतात बनवते. तिच्या रक्तातली साखर माणसात मधुमेह ठरेल इतकी असते आणि ती ठणठणीत हिंडते. म्हणून उंदराचे निष्कर्ष तिच्यावर लादणं मला मान्य नाही. ब्रॉयलरचे निष्कर्ष गावठी कोंबडीवर लादणंही तितकंच चूक. ब्रॉयलरची पिढ्यान्‌पिढ्या निवड झाली ती झटपट वजनासाठी. गावठी कोंबडी उकिरडा उकरून जगत आली.

म्हणून अभ्यास कोंबडीचाच करायला हवा, आणि आपल्याकडे तो नवा नाही. पुणे विद्यापीठात डॉ. लीला मुल्हेरकर यांनी कोंबडीच्या गर्भावरच्या संशोधनाची परंपरा रुजवली. एडिंबरात भ्रूणशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांच्याकडे काम करून आलेल्या या बाईंनी साध्या अंड्यातून केवढं काम उभं केलं! ते इथेही होऊ शकतं. दुर्गजवळ अंजोऱ्याला पशुविज्ञानाचं कामधेनू विद्यापीठ आहे, राजनांदगाव-दुर्ग पट्ट्यात कुक्कुटपालनाचा मोठा धंदा आहे. सरकार गावोगाव पिल्लं वाटतं, तो पैसा योग्यच आहे. त्यातला थोडा वाटा अंड्यातल्या अभ्यासाला द्यावा. गावठी, कडकनाथ आणि ब्रॉयलर यांची अंडी एकाच यंत्रात उबवावीत. बाराव्या, सोळाव्या आणि विसाव्या दिवशी गर्भातलं अ‍ॅडिपोनेक्टिन, यकृतातली चरबी आणि उरलेला बलक मोजावा. अंडी घालणाऱ्या कोंबडीला काय चारलं होतं, तेही लिहून ठेवावं.