कायदा झाला, पण तो राखला कोणी?

‘पर्यावरणाचे कायदे कणखर राजवटीतच होतात’ हे मत मांडणारे पत्र वाचले. आणीबाणीतील ४२व्या घटनादुरुस्तीने (१९७६) पर्यावरणरक्षणाचे अनुच्छेद ४८अ आणि ५१अ(छ) आले, हे खरेच. पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा, जलप्रदूषण प्रतिबंधाचा १९७४चा. दोन्ही आणीबाणीपूर्वीच्या खुल्या संसदेचे.

४२वी दुरुस्ती मंजूर झाली तेव्हा राजापूरचे खासदार मधू दंडवते यांच्यासारखे विरोधक तुरुंगात होते. त्याच दुरुस्तीने न्यायालयांचे अधिकारही छाटले. शिवाय ४८अ हे मार्गदर्शक तत्त्व. त्यावर थेट दाद मागता येत नाही. त्याला बळ आले ते पुढे. न्यायालयांनी ते जगण्याच्या हक्काशी जोडले आणि १९९१च्या सुभाषकुमार खटल्यात प्रदूषणमुक्त पाणी व हवा या हक्कात मोडतात, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले.

विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला, की आमच्याकडचा शेतकरी ग्रामसभेत उभा राहतो, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज करतो, वर्तमानपत्राला कळवतो. आणीबाणीत वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. तक्रारीला जागाच नसेल, तर कायदा कागदावरच राहतो. नदी वाचवायची तर आधी बोलण्याचा हक्क वाचवला पाहिजे.

– एक शेतकरी वाचक, अंकुशनगर (जि. जालना)